चालत्या वाटीची विल्हेवाट

बुधी, तू आमच्याकडे खेळ शिकायला आलीस त्या वर्षीच्या थंडीत आपण दोघी ओट्यावर तुवरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. आत दावीद पत्त्यांचा सराव करत होता. तू विचारलेस, "बाई, लोक तोंड उघडं ठेवून बघतात, मग घरी जातात. त्यांच्या हाती काय लागतं?" चुलीवरचे आधण उतू चालले होते म्हणून मी उठून गेले, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. आज कागद पुढे ओढल्यावर पहिल्यांदा तेच आठवले.

मी, सरलाबाई भ्र. कै. दावीद गावित, वय अंदाजे एकोणसाठ, धर्म ख्रिस्ती, धंदा जादूचे खेळ व शिवणकाम, राहणार नवापूर, पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र कोणाच्या दाबाखाली न येता, विचारपूर्वक, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीच्या दुखण्यामुळे मला आता घाट चढवत नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावे. आम्हांला मूलबाळ नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. माझे दफन दावीदशेजारी साधेपणाने करावे. त्या दिवशी कोणी खेळ बंद ठेवू नये.

कलम दुसरे. कॉन्व्हेंटात असताना मी भरतकाम केलेला रेशमी रुमाल आणि माझी जपमाळ धाकटी बहीण शांतीबाई हिला द्यावी. मी जादूगाराशी लग्न केले म्हणून ती लग्नाला आली नाही, आणि "सैतानाची बायको" असे मला पत्रातून लिहिले. रुमाल मी पुष्कळ वर्षे रागाने ठेवून घेतला होता. राग अजून आहे, पण रुमाल तिला आवडत असे. तिने तो वापरावा, पेटीत घालून ठेवू नये.

त्याच कॉन्व्हेंटात एका सिस्टरने मला मोठ्याने वाचायला शिकवले. त्या म्हणत, कुठे थांबायचे ते वाचणाऱ्याला कळले की ऐकणाराही तिथेच श्वास धरतो. दावीदच्या खेळातले सगळे बोलणे पुढे मी लिहिले ते या एका शिकवणीवर. हात त्याचे होते, थांबणे माझे.

कलम तिसरे. दावीदचे लाल पागोटे कोरीटच्या गजराबाईंना द्यावे. हयात नसल्यास त्यांचे चिरंजीव हिंमतराव यांना. कारण लिहून ठेवणे जरूर आहे. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात आम्ही कोरीटला खेळ केला. दावीदने हेच पागोटे कात्रीने मधोमध कापले, मंत्र म्हटल्यासारखे केले आणि अखंड करून दाखवले. मी टाळ्यांची वाट पाहत होते. पुढे बसलेल्या गजराबाई जांभई देऊन म्हणाल्या, "तुन्हंच फडकं. तू फाड नहीते शिव, आम्हले काय!" सगळे गाव हसले. दावीद रात्री जेवला नाही. मी मात्र जेवले, कारण मला पटले होते. दुसऱ्या दिवशी मी गजराबाईंकडे जाऊन त्यांच्याच लुगड्याचा पदर मागितला. त्या म्हणाल्या, "काप. पन जुडना नही ते हाईच तुले नेसाडसू नि तुन्हं लुगडं मी लिसू." संध्याकाळी कात्री पदराला लागली तेव्हा कोणाचीही पापणी हलली नाही. पदर अखंड निघाला तशा गजराबाई तो डोळ्यांजवळ नेऊन धागा धागा पाहू लागल्या आणि त्यांच्याभोवती बायकांचा घोळका जमला. त्या दिवसापासून आमच्या खेळात आमची वस्तू राहिली नाही. बघणाऱ्याचीच वस्तू घ्यायची आणि धडधाकट परत करायची. बुधी, तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे आहे. बाकीचे अर्धे वाटीत आहे.

कलम चौथे. वाटीविषयी. आमच्या मुलखात चोर शोधायला भगत वाटी चालवतो, हे सर्वांना ठाऊक आहे. दावीदने त्याचा खेळ बनवला. सारवलेल्या जमिनीवर पातळ पितळेची वाटी ठेवायची, कोणी हात लावायचा नाही, गावाने तिला प्रश्न विचारायचा, आणि वाटी आपणहून सरकत उत्तरापाशी जायची. प्रश्न मी ठरवत असे. ज्या उत्तराने कोणाची मान खाली जाईल असा प्रश्न घ्यायचा नाही, हा माझा नियम होता आणि दावीदने तो कधी मोडला नाही. आम्ही विचारायचो, या गल्लीत सर्वांत चांगली भाकरी कोण करते? कोणाच्या ओवीने जाते हलके होते? वाटी बहुधा अशा बाईपाशी जाई जिचे नाव वर्षभर कोणी घेतलेले नसे. एकदा एक म्हातारी वाटी पायाशी आलेली पाहून रडली आणि तिची सून म्हणाली, "खरंच शे वं माय, भाकर तुन्हीच." अशा वेळी दावीद काही बोलत नसे. तिथे मी थांबणे लिहिले होते.

कलम पाचवे. चुनीलाल आमच्याकडे ढोलकी वाजवत असे. हात हुशार, जीभ त्याहून हुशार. वाटी त्याला फार आवडे, आणि दावीदने शेवटच्या आजारात "माझ्यामागे वाटी तुझी" असा शब्द त्याला दिला, हे खरे आहे. मी तिथेच उभी होते. दावीदच्या पश्चात चुनीलालने स्वतःची दुसरी वाटी केली आणि गावोगाव फिरून चोर सांगू लागला. मग कोणती बाई डाकीण तेही सांगू लागला.

गेल्या हिवाळ्यात धडगावच्या बाजारात आम्ही खेळ लावला. मी वाटी जमिनीवर ठेवली तोच गर्दीतून एक बाई उठली आणि तिच्या बोलीत ओरडली, "तुझी वाटी आता कोणाला गावाबाहेर काढणार?" ती रूपीबाई. धडगावच्या वरच्या अंगाला तिचा पाडा आहे. तिथे फत्तेसिंग कारभाऱ्याचे बैल मेले, चुनीलालला बोलावले, आणि त्याची वाटी हिच्यासमोर येऊन थांबली. हिला मारले, घर मोडले, शेत भाऊबंदांनी घेतले. मी तिला नवापूरला घेऊन आले. ती माझ्याकडे राहते, आणि अजून वाटी ठेवलेल्या खोलीत पाऊल टाकत नाही.

मी चुनीलालला बोलावून घेतले. तो आला, चहा प्याला, आणि म्हणाला, "काकी, तुम्ही लोकेसले नुसतं हसाडतस. लोकेसले जवाब पाहिजे. मी जवाब देस."

मी म्हटले, "बैल रोगाने मेले. जवाब तू बनवलास."

"मंग त्यास्ले गोड का लागना? नि दावीदकाकानी देयेल वाटी माले कधी देतस? असल वाटी ती शे."

त्याचे एक म्हणणे मला नाकारता येत नाही. खेळाला अर्थ लागला की लोक त्यावर उभे राहतात. म्हणूनच कशावर उभे करायचे ते खेळ करणाऱ्याने पाहिले पाहिजे.

कलम सहावे. हे माझे मुख्य कलम आहे आणि यात कोणी बदल करू नये. आमच्या धंद्यात गुपित सांगणे हे पाप समजतात. दावीदने आयुष्यात एकही सांगितले नाही. मी हे एक सांगायला लावणार आहे.

बुधीबाईने रूपीबाईच्या पाड्यावर जाऊन, दिवसाउजेडी, सगळे जमल्यावर वाटीचा खेळ करावा. प्रश्न एकच विचारावा: फत्तेसिंगचे बैल कोणी मारले? वाटी पहिल्यांदा वठलेल्या झाडापाशी न्यावी. दुसऱ्यांदा कोंबड्याच्या खुराड्यापाशी. तिसऱ्यांदा खुद्द फत्तेसिंगच्या पायाशी. तो चिडेल. चिडू द्यावे. मग वाटी उपडी करून तळाचे मेण आणि त्याला चिकटलेला केसासारखा काळा रेशमी धागा दाखवावा. धाग्याचे दुसरे टोक दर वेळी त्या जागेजवळ जाऊन बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या, नारसिंगच्या, अंगठ्याला आहे, हेही दाखवावे. वाटी सदैव धागा धरणाऱ्याकडेच येते. म्हणून मी आधीच त्या म्हातारीसारख्या बाईच्या शेजारी जाऊन बसत असे, आणि म्हणून चुनीलालचा माणूस रूपीबाईच्या शेजारी बसला होता. एवढे सांगून टोक फत्तेसिंगच्या हातात द्यावे आणि त्याला स्वतः ओढू द्यावे. नंतर बायकांना, पोरांना, ज्याला हवे त्याला. घाई करू नये. सगळ्यांचे ओढून होईपर्यंत थांबावे.

रूपीबाईने तिथे यावे की नाही हे तिचे तिने ठरवावे. तिला तिच्या शेताबद्दल दाद मागायची असल्यास हिंमतरावांनी कचेरीत तिच्याबरोबर जावे.

यानंतर चुनीलालने जिथे जिथे वाटी चालवली त्या प्रत्येक गावी असेच करावे.

हे मी बुधीला तोंडी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाई, आपलंच पोट आपण फाडायचं? उद्या कोण बघायला येईल?" मी म्हटले, वाटी जाईल, बाकीचे खेळ राहतील, आणि कापलेला पदर परत देणारी बाई म्हणून तुला लोक ओळखतील. ती रुसून गेली. बाजाराच्या दिवशी परत आली आणि दारातूनच म्हणाली, "सांगीन. पण आधी पोट धरून हसवीन. रडक्या तोंडानं सांगितलेलं कोणी ऐकत नाही." ती माझ्यापेक्षा चांगली जादूगारीण आहे, हे इथे लिहून ठेवते.

कलम सातवे. नवापूरचे दोन खोल्यांचे कौलारू घर रूपीबाईने तहहयात वापरावे. तिला कोणी उठवू नये. तिच्यामागे ते बुधीबाईचे. शिवणाचे यंत्र बुधीबाईला. ढोलकी व छकडा तिचा नवरा नारसिंग यास. त्याने छकड्याला वंगण घालावे, फार कुरकुरतो. पत्ते, कात्री, रिंगा, कबुतरांची पेटी आणि माझ्या हातचे बोलण्याचे कागद बुधीबाईला, वापरण्याच्या व बदलण्याच्या पूर्ण हक्कासह. पोस्टातील शिल्लक वरील फिरतीच्या खर्चास लावावी. बुधीबाईने कलम सहा पाळले नाही तर ही सर्व खेळसामग्री हिंमतरावांनी जाळून टाकावी. ती पाळील, हे मला माहीत आहे, कायद्यासाठी लिहिले.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यास कोरीटचे हिंमतराव यांना नेमले आहे व त्यांनी ते कबूल केले आहे.

कलम आठवे. नवऱ्याचा शब्द मी मोडणार नाही. पितळेची वाटी, मेण आणि काळ्या रेशमाची गुंडाळी चुनीलालला द्यावी. मात्र कलम सहा पूर्ण झाल्यावर, शेवटच्या गावातल्या शेवटच्या पोराने ती स्वतः चालवून पाहिल्यावर द्यावी. बुधीबाईने ती घासूनपुसून, दोन्ही हातांनी, भर बाजारात त्याच्या हाती द्यावी आणि पावती घ्यावी.

मुक्काम नवापूर, तारीख १४ माहे फेब्रुवारी सन १९३९.

सही: सरलाबाई दावीद गावित

आमच्या समक्ष बाईंनी सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष केली:
१. गोवाल सुरुपसिंग वळवी, राहणार नवापूर
२. भिला धोंडू सुतार, राहणार कोरीट. निशाणी डाव्या हाताचा अंगठा