तुमचा बटाटा, माझा पापड

अहो,

तुम्ही गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. आज बसलेच, कारण तुमच्याशी भांडायचंय. शुक्रवारी इराच्या शाळेत आजी-आजोबांना बोलावलंय. आणि आपली नात म्हणते, "आजोबांचा फोटो नेऊ." मी इथे इंग्लंडात, रीडिंग गावात, तिच्यासमोर धडधाकट बसलेय, आणि मान कुणाला, तर फोटोला!

तिला तुमचं ते एकच कौतुक. जिन्यावरून बटाटा नि नाणं बरोबर सोडायचात. "पृथ्वी दोघांना सारखंच खाली आणते," म्हणायचात. मी काही विचारलं की, "तुला नाही कळायचं." चौथी शिकलेल्या बाईने मग पुढे काय विचारायचं?

खरं सांगते, माझा जळफळाट झाला. मागच्या काचेच्या खोलीत, त्या कॉन्झर्व्हेटरीत, उडदाचे पापड वाळत घातले होते. इथलं ऊन म्हणजे पाहुणा, आला की सोडायचा नाही. त्यातला एक उचलला, जिना चढले आणि बटाट्याबरोबर सोडला. बटाटा धपकन खाली. पापड आपला डोलत डोलत आला.

"बघ, कुठे पडले सारखे?" मी म्हटलं.

इराचं तोंड एवढंसं झालं. "आजी, आजोबा खोटा बोलला?"

मला कसंसंच झालं हो. गेलेल्या माणसाला पोरीपुढे खोटं पाडलं मी. परातीत एक लाटी उरली होती. ती घेऊन कुरकुरत्या गुडघ्यांनी पुन्हा वर गेले. लाटी नि बटाटा सोडले. दोघं एकदम खाली.

पीठ तेच. पातळ लाटलं की वाऱ्यावर तरंगतं, एवढंच. वाळवणातले पापड उडताना मी जन्मभर बघितलेत. तुम्ही कधी विचारलंत का?

"म्हणजे एअरमुळे! आजोबा बरोबर होता!" म्हणत पोरगी पळाली, ती तुमच्या फोटोकडेच. जिंकलात परत. पण मग शाळेत न्यायच्या तक्त्यावर तुमच्या नावापुढे तिने बटाटा काढला आणि माझ्या नावापुढे पापड. माझा मोठा आहे. दोनदा बघून घेतलं.

शुक्रवारी तुमचा फोटो नेईन, शब्द देते. तुमचा बटाटा आधी पोचेल, माझा पापड मागून. आपलंही तसंच की. यायचं तिथेच आहे, मी जरा वारा खात येते. तोवर इरा माझी.

तुमची,
सुमन