कुंपणावरची पानं

सूनबाई,

तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून ही चिठ्ठी लिहून ठेवून रक्त तपासायला जातोय. वाढलेल्या साखरेने शरीर आतून गंजतं आणि तुझ्या प्रयोगातल्या पानांचा अर्क तो गंज रोखतो, असं तू जेवताना म्हणालीस. तेव्हापासून मधुमेहाच्या गोळ्या सोडून मी तुझ्या वाळत घातलेल्या पानांचा चोरून काढा पीत होतो. पानांच्या वजनात घट दिसू नये म्हणून कुंपणावरची पानं वाळवून त्यांत मिसळली.

काल प्रयोग फसल्याचं खापर स्वतःवर फोडून तू उपाशी झोपलीस. मी मात्र मुकाट्याने जेवलो.

आज गोळी घेतली. तुझ्या सरांना हीच चिठ्ठी दाखव. दोष अर्कात नाही, सासऱ्यात आहे.

बाबा