वर थिएटर, खाली शाडू

रविवार, २२ जून. सायं. ७.

रोह्याहून पेणला परतलो. प्रविणने, म्हणजे सुरभीच्या धाकट्या भावाने, साउंडबार घेतला आहे. टीव्हीखाली एक काळी पट्टी. अर्धा तास ऐकवली. मी सौजन्याने मान डोलावली. शेवटी म्हणाला, भाऊजी, तुम्हाला यातलं काय कळायचं, तुमचं आपलं संस्कृत.

संकल्प: स्वतःचं होम थिएटर. पाच स्पीकर, एक सबवूफर, प्रोजेक्टर, भिंतभर पडदा. बजेट पंचवीस हजार, वर एक रुपया नाही. ज्यांनी नादाला ब्रह्म म्हटलं, त्यांच्या वंशजाला कंपनीची पट्टी कशाला? उद्घाटन पंधरा ऑगस्टला. प्रविण पहिल्या रांगेत.

जागा वरची खोली. खाली सुरभीचा गणपतीचा कारखाना, त्यामुळे शेजाऱ्यांच्या तक्रारीचा प्रश्नच नाही.

येताना सुरभी ऑर्डरबद्दल बोलत होती. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांत मूर्तींचे डोळे आखले, यंदा पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम. ठाण्याची सोसायटी, चाळीस घरं, शाडूच्या चाळीस मूर्ती, सगळ्या दीड फुटी, सगळ्या एकसारख्या. एक जरी कमी पडली तरी अख्खी ऑर्डर रद्द. मग पुढच्या वर्षी परत दुसऱ्याच्या दारात. मी 'हो, हो' म्हणत होतो. मनात स्पीकरचे कोन मांडत होतो.

शनिवार, २८ जून.

रोहा. मिथुनचं दुकान. हा हळदी-साखरपुड्यांना साउंड लावतो, चाळिशीचा, बोलका. म्हणाला, साहेब, बजेट सांगा, मी रडत नाय. सांगितलं. रडला.

तरी सबवूफर दिला. पंधरा इंची, डीजेतून निवृत्त. सोबत जुने स्पीकर, प्रोजेक्टर आणि त्याने स्वतः जोडलेला ॲम्प्लिफायर. जरा तापतो, म्हणाला. किती, विचारलं. तवा समजा, म्हणाला. मी समजलो की विनोद आहे.

सबवूफर रेल्वेने पेणला आणला. पेणच्या पुढे जित्याला जाणारी एक बाई रोह्यापासून त्यावर बसली ती उठेचना. पेणला म्हणाली, भाऊ, पेटी ऱ्हाऊ द्या की जित्यापर्यंत, बरी बसल्ये मी.

सबवूफरचं नाव 'मंद्र' ठेवलं.

मंगळवार, १ जुलै.

आवाज घुमू नये म्हणून भिंतींना मऊ अस्तर लागतं. बाजारात त्याचे दर ऐकून खाली बसलो. मागच्या गल्लीत प्लास्टरच्या मूर्तींचा कारखाना आहे, तिथे काथ्याचे गठ्ठे पडून असतात. चार आणले. जुन्या चादरींत भरून भिंतींना ठोकले. खिडकीच्या फटी फोमने बंद. खोली आता पेटाऱ्यासारखी. खर्च जवळपास शून्य.

समोरची भिंत पडदा म्हणून पांढरी केली. मूर्तींना द्यायच्या पांढऱ्या रंगाचे दोन डबे खाली होतेच. सुरभीला सांगायचं राहिलं. कामात होती.

गुरुवार, ३ जुलै. दु. ३.

प्रथम चाचणी. आवाज बारावर. छाती आतून थरथरली. डोळ्यांत पाणी आलं.

मग हौसाबाई वर आली. गडब गावची, कारखान्यात माती मळायला असते, साठी उलटली आहे. दारातूनच म्हणाली, दादा, खाली उंदीर चाललं.

गणपतींसोबतचे चाळीस उंदीर सुरभी वेगळे करते आणि एका फळीवर वाळत ठेवते. ते म्हणे सगळेच्या सगळे दोन बोटं पुढे सरकले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. हौसाबाई म्हणाली, त्यांना कळलं दादा, आपल्याला उशीर झाला.

कारागिरी इतकी जिवंत व्हावी, याचं श्रेय सुरभीला द्यायला हवं. आज अभिनंदन केलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

शनिवार, ५ जुलै.

तीन उंदीर फळीवरून पडले. मांजर असावी.

मंगळवार, ८ जुलै.

पाच मूर्तींच्या वरच्या हाताची बोटं तडकली. एकीच्या सोंडेला केसाएवढी चीर. सुरभी ओल्या मातीने बुजवत बसली होती. हौसाबाईने विचारलं, दादा, तुमचं वरचं दळण कधी सरायचं? मी तिला समजावलं की तडे दमट हवेने जातात. ती म्हणाली, व्हय, पन ती हवा दुपारी तीनलाच येते.

बुधवार, ९ जुलै.

तड्यांचा विषय पेपरचा पेणचा वार्ताहर म्हणून मला गंभीर वाटला. बातमी पाठवली: 'दमट हवेचा शाडूच्या मूर्तींना फटका, पेणमधील मूर्तिकार चिंतेत'. 'जाणकारांच्या मते' हा शब्दप्रयोग दोनदा. जाणकार मीच. सुरभीचं नाव देणं, म्हणजे घरचा माणूस पुढे करणं, बरं दिसत नाही.

शुक्रवार, ११ जुलै. स. ११.

बातमी आली. चार कॉलम. आनंदात खाली गेलो.

सुरभी फोनवर होती. ठाण्याच्या सोसायटीच्या भूमिकाबाई. त्यांनी सकाळीच मोबाइलवर बातमी वाचली होती. पेणच्या मूर्ती तडकतायत तर आत्ताच सांगा, दुसरीकडे बघायला अजून वेळ आहे, असं त्यांचं म्हणणं. सुरभी म्हणत होती, नाही हो ताई, आमच्याकडे तसं काही नाही. एका हाताने फोन धरला होता, दुसऱ्या हाताने तडकलेलं बोट.

ठरलं ते असं: ३ ऑगस्टला भूमिकाबाई स्वतः येणार. चाळीस मूर्ती कोरड्या आणि अखंड दिसल्या तर रंग, नाहीतर त्याच दिवशी ऑर्डर रद्द.

फोन ठेवल्यावर तिने पेपर मागितला. बातमी दोनदा वाचली. म्हणाली, अहो, या वार्ताहराला एकदा विचारा ना, कुठले कारखाने फिरला? मी म्हणालो, विचारतो.

पेणमध्ये आमच्या पेपरचा दुसरा वार्ताहर नाही.

सोमवार, १४ जुलै.

शास्त्रीय पद्धतीनेच जायचं ठरवलं. अन्वय आणि व्यतिरेक: कारण असेल तेव्हा कार्य, कारण नसेल तेव्हा कार्य नाही. शनिवार-रविवार मंद्र बंद ठेवला. तडे शून्य. म्हणजे हवा सुधारली.

हौसाबाई म्हणते, दोन दिवस पावसाची झड उघडली नाय. हवेचं शास्त्र तिला कोण शिकवणार.

आज मंद्र दहा मिनिटं लावला. दोन कान गेले. (मूर्तींचे.) दोन उदाहरणांवरून सिद्धान्त मांडू नये, असं आमच्या गुरुजींनी बजावलेलं आहे.

तरीही खबरदारी म्हणून मंद्र जमिनीवरून उचलला. खाली शाडूची एक भरलेली गोणी दिली. माती हादरा गिळते. गोणी कारखान्याच्या कोपऱ्यात नुसतीच पडली होती.

शुक्रवार, १८ जुलै. सायं. ५.



सहा मूर्ती दुरुस्तीपलीकडे गेल्या. सुरभीने त्या सकाळी स्वतःच मोडल्या आणि नव्याने करायला माती काढायला गेली. गोणी नाही. सगळा कारखाना पालथा घातला. हौसाबाई नुसती वर छताकडे बघत राहिली.

मग जिन्यावर पावलं. थिएटरात सुरभी पहिल्यांदाच आली. उद्घाटनापूर्वी येऊ नये, असं मीच सांगून ठेवलं होतं. आधी भिंत पाहिली, पांढरी. मग काथ्या. मग गोणी. मी म्हणालो, हे सगळं तात्पुरतं आहे. ती म्हणाली, वाजवा.

वाजवलं. पाचवर. म्हणाली, बारावर लावता ना? मग बारावर. आणि खाली निघून गेली.

लावलं. खालून आवाज आला: पुन्हा. पुन्हा लावलं. पुन्हा. तिसऱ्यांदा लावल्यावर काहीच आलं नाही. मी बटणावर बोट ठेवून उभा. एक मिनिट. दोन.

शेवटी उतरलो. सुरभी फळ्यांच्या खांबाला दोन्ही तळवे टेकून उभी होती. खांब छताच्या तुळईला ठोकलेले आहेत आणि मंद्र बरोबर त्या तुळईवर. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, मी रोज रात्री मातीला दोष दिला. हौसाबाईला बोलले. स्वतःचे हात तपासले, म्हटलं आता थरथरायला लागले की काय.



गोणी खाली आणून दिली. मग ती परत वर गेली, पांढऱ्या रंगाच्या डब्यांसाठी. बराच वेळ आली नाही म्हणून मीही गेलो. तर एक हात ॲम्प्लिफायरवर, दुसरा काथ्याच्या भिंतीवर. भिंत खडखडीत कोरडी. खाली त्याच वेळी भिंतींना पाझर. सोळा दिवसांत सहा नव्या मूर्ती खाली सुकणं अशक्य, हे मलाही कळत होतं.

म्हणाली, अहो, हा असा कायम तापतो का?

चालू असला की तापतो, म्हणालो.

म्हणाली, मग चालू राहू द्या. आवाज तेवढा बंद करा.

गुरुवार, २४ जुलै.

जुन्या चौतीस वर आल्या. नव्या सहाही आल्या, आज पहाटे साच्यातून निघालेल्या. चार तडकलेल्या हातांना अजून ओली माती आहे. खुर्च्या, सोफा, बाक, सगळीकडे गणपती. तोंडं पडद्याकडे, कारण दाराकडे केली तर वाऱ्याचा झोत लागतो. मला खुर्ची नाही.

हौसाबाई म्हणाली, दादा, लावा ना एकादा शिनेमा, बसल्येत बिचारे.

ॲम्प्लिफायर अखंड चालू. त्याच्याजवळच्या मूर्ती सुरभी दर दोन तासांनी फिरवते. फार जवळ गेली तर उष्णतेने तडकेल, लांब राहिली तर ओली राहील. ती झोपत नाही. मी बातम्या वरच बसून लिहितो, जमिनीवर, आणि घड्याळ सांभाळतो. हे काम तात्पुरतं स्वीकारलं आहे. पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम कायम.

रविवार, ३ ऑगस्ट. दु. २.

भूमिकाबाई आल्या. हातात टॉर्च. चप्पल दारात काढली आणि थेट विचारलं, कुठायत?

वर नेलं. त्यांनी एकेका मूर्तीला पाठीमागून नखाने टिचकी मारली. कोरडी माती टणक वाजते, ओली बसक्या आवाजात. टक. टक. माझ्या थिएटरात कोणी इतकं कान देऊन काही ऐकण्याची ही पहिलीच वेळ. सुरभी दाराच्या चौकटीला धरून मनात मोजत होती, ओठ हलत होते. अडतीस. एकोणचाळिसावीला 'टप' असा आवाज आला.

भूमिकाबाईंनी परत टिचकी मारली. टप.

सुरभी म्हणाली, ताई, नव्या सहातली आहे, दोन दिवस द्या. मी तोंड उघडलं. हौसाबाईने माझा शर्ट मागून ओढला. भूमिकाबाई चाळिसावीकडे वळल्या. टक. टॉर्च बंद केला. म्हणाल्या, ही एक शेवटी रंगवा, सतराला टेम्पो पाठवते.

उतरताना काथ्याच्या भिंतींकडे बघून त्यांनी विचारलं, ही खोली खास मूर्ती सुकवायला बांधलीय का? सुरभी म्हणाली, हो, मिस्टरांनी केलीय. महिनाभर खपले.

मी नम्रपणे मान झुकवली. वस्तुस्थितीचा तपशील देण्याची ती वेळ नव्हती.

शुक्रवार, १५ ऑगस्ट.

उद्घाटन झालं नाही, असं म्हणता येणार नाही.

प्रविण ठरल्याप्रमाणे आला. वर सुरभी डोळ्यांची आखणी करत होती. बाहेर अंधारून आलेलं, म्हणून प्रोजेक्टरचा पांढरा झोत मूर्तींवर. एकेक चेहरा त्या उजेडात येई, ती श्वास रोखून बुबुळ आखी, आणि आतापर्यंत माती असलेलं काहीतरी आपल्याकडे बघायला लागे. प्रविण जिन्यातूनच बघत राहिला. अर्ध्या तासाने कुजबुजला, भाऊजी, पिक्चर एक नंबर. आवाज कुठंय?

मी त्याला गप्प केलं. ताईचा हात हलेल.

रविवार, १७ ऑगस्ट. दु. १२.

टेम्पो दहाला गेला. चाळीसपैकी चाळीस, पेंढ्यात बसवून. टेम्पोवाल्याने भूमिकाबाईंचा निरोप दिला: पुढच्या वर्षी शंभर, शेजारच्या दोन सोसायट्याही आहेत. सुरभी उंबऱ्यावर बसून राहिली. नखांत रंग.

थिएटर रिकामं. खाली तडकायला काही उरलेलं नाही. खुर्ची मधोमध ओढली. सर्व दोष निवारण झालेले, परिपूर्ण श्रवणाचा मुहूर्त. आवाज बारावर.

'फट्' असा एकच आवाज आला. निळसर धूर. जळक्या वार्निशचा वास.

सुरभी दोन-दोन पायऱ्या चढत आली. ॲम्प्लिफायरवर हात ठेवला. तो हाताखालीच गार होत गेला. तिचा चेहरा खरोखर उतरला. माझ्या कुठल्याही वस्तूबद्दल तिला इतकं वाईट वाटलेलं मी पाहिलेलं नाही. गहिवरून आलं. म्हणालो, जाऊ दे गं, कलेत असं व्हायचंच.

तिने माझ्या खिशातून मोबाइल काढला आणि मिथुनला फोन लावला. दुरुस्त होईल का, विचारलं. महिनाभर रात्रंदिवस चालवलात वयनी, आतलं सगळं गेलं असणार, असं तो म्हणाला. तिने जरा विचार केला. मग त्याला विचारलं, त्यातला नुसता तापणारा भाग तेवढा वेगळा मिळतो का?

मिळतो म्हणे.