घारीच्या सोबतीला

अहो,
दुरूनच पाया पडते. गुडघ्याला तेल लावता ना, का मी नाही म्हणून सुट्टी?

आधी हे वाचा, की नात सुखरूप आहे आणि माझ्या शेजारी बसून जेवतेय. आज ती त्या बिनइंजिनाच्या विमानातून एकटी उडाली. आधी कळवलं असतं तर तुमच्या घशाखाली घास उतरला नसता.

विमान दोरीने ओढत वर नेतात. ते हलेपर्यंत पंखाचं टोक कोणीतरी धरायचं असतं. तो मान माझा. धरलं ते माझ्या हातून सुटेचना. तिला उडायला शिकवणारे मास्तर ओरडले, "आजी, सोडा, नाहीतर तुम्हीही जाल."

मग तिच्याबरोबर शिकणारे बाकीचे सगळे उतरले, हिचा पत्ता नाही. माझा जीव टांगणीला. मास्तर म्हणाले, "आज हवा वर उचलतेय, कशाला उतरेल?" मान वर केली तर घार आणि आपली पोर, दोघी एकाच गोलात फिरत होत्या.

उतरल्या उतरल्या मला म्हणाली, "आजी, आजोबा अजून बोलणार नाहीत माझ्याशी?"

एवढं आभाळ बघून आली आणि तोंडात हे. मी टोक सोडलं, आता तुम्ही हट्ट सोडा. येत्या रविवारी तिचा फोन येईल, तो उचला. गुडघ्याची सबब चालणार नाही.

तुमचीच