तीन रविवार

बिडफर्ड, २८ सप्टेंबर १७८७

ठरलं! परवा चर्चमध्ये आमच्या लग्नाची पहिली घोषणा. ओळीने तीन रविवार पाद्री नावं वाचणार, कोणाची हरकत आहे का विचारणार. कोणी उठलं नाही, की मी आणि टॉमसिन नवराबायको.

हेरिंग माशांचा हंगाम. पिंपांसाठी कोळी दारात उभे. सकाळपासून पाच बांधली — एकाला तळ बसवायचाच विसरलो.

३० सप्टेंबर

स्वतःची घोषणा स्वतः ऐकू नये, पोरं मुकी निपजतात — इथली समजूत. टॉमसिन घरी थांबली. मी गेलोच. तिची ग्रेस मावशी बाकावर सरकली. "निपजू देत मुकी, जावईबापू. आमच्या पोरीची बडबड घराला पुरून उरेल."

"टोबायस पेनराइस, पिंपं बनवणारा, राहणार याच गावी." पाद्र्यांनी खणखणीत वाचलं. चारचौघांत मला असं पुकारलं होतं ते एकदाच. बार्बाडोसला, लिलावात. तेव्हा नाव वेगळं होतं. नावापाठोपाठ वय आणि दात सांगितले होते.

कोणी उठलं नाही.

३ ऑक्टोबर

पलंग पुरा झाला. पिंपाच्याच ओकच्या फळ्या. टॉमसिन बंदरावर मासे खारवते, तिथून बघायला आली.

"याला हेरिंगचा वास येईल."

"तुला येतोच की."

तिने ओला मासा फेकून मारला. नेम चांगला आहे.

फिबाची आठवण झाली. माझी पहिली बायको. मालकाने मला इकडे आणलं, त्याच वर्षी तो म्हणाला, ती तिकडे मळ्यावर तापाने गेली. पुढच्या महिन्यात मी त्याच्या घरातून पळालो. टॉमसिनला सगळं ठाऊक आहे.

७ ऑक्टोबर

दुसरी घोषणा. "कोणाची हरकत?" — आणि म्हातारा हॉकिन शिंकला. सगळं चर्च वळून बघायला लागलं. मला हसू आवरेना.

आता एकच रविवार!

११ ऑक्टोबर

बार्बाडोसचं जहाज लागलं. त्यावरचा स्वयंपाकी ओबेड — आमच्याच मळ्यावरचा! गळ्यात पडलो. म्हणालो, लग्नाला थांब. फिबा गेल्यावर फार वर्षं एकट्याने काढली.

"कोण गेली? अरे, मार्चमध्ये तिच्या हातचं जेवलो मी. येईल त्या जहाजाच्या स्वयंपाक्याला विचारते — पिंपं बनवणारा उंच माणूस कुठे दिसला का."

१२ ऑक्टोबर

पाद्र्यांना सांगितलं, तिसरी घोषणा करू नका. ते म्हणाले, गुलामांचं लग्न कायद्याने लग्नच नव्हे. "कुठे लिहिलंय? कोणी लावलं? वेड्यासारखं करू नकोस, टोबायस. तू मोकळा आहेस."

१३ ऑक्टोबर

टॉमसिनला सांगितलं. तिची सुरी थांबली नाही.

"तुमचं लग्न कोणी लावलं?"

"आम्हीच. उसाच्या घाण्यामागे. सगळी वस्ती होती."

"कोणी हरकत घेतली?"

"नाही."

टोपली भरेपर्यंत ती मासे चिरत राहिली.

१४ ऑक्टोबर

पाद्र्यांनी तिसरी घोषणा केलीच. आज टॉमसिन आली. मागच्या बाकावर बसली. पाद्र्यांनी विचारलं, कोणाची हरकत? कोणी हललं नाही.

मी उठलो.

"खाली बस, टोबायस. नवरदेवाला विचारत नसतात."

मी म्हणालो, माझी बायको जिवंत आहे.