मागची दोन बाकडी

शहाण्या उत्तरेश्वर भावजींना, जाईवैनीचा कोपरापासून नमस्कार.

ह्यांच्या माघारी जीपवरच माझी चूल पेटती. ढोकीच्या कारखान्यावर मजूर न्यायला म्या मागं दोन बाकडी वाढवली. तवाच तुमाला बजावलं, "भावजी, इम्याच्या फारमात बाकडी लिवा. हप्ता वाढला तर वाढू द्या." वाढीव हप्ता तुमी माझ्याकडनं नेला. घरचा माणूस म्हणून म्या कोऱ्या फारमावर सही केली.

परवा वाशीच्या वळणावर जीप उलटली. मजूर आधीच उतरले होते, डायवरबी बचावला, पर जीपचा चुराडा झाला. इम्याचा सायेब आला, बाकडी बघून म्हनला, "बाई, कागदावर साधी जीप हाय. भरपाई न्हाय मिळायची. फारम कुणी भरला?"

तुमी शेजारीच हुबे होता, नवा गॉगल लावून. लई शोभत होता बरं का! पर सायबानं इचारताच तुमी तो काढून पुसाय लागला. घराण्याची अब्रू जाईल म्हणून म्याच म्हनलं, "म्या भरला." आन् तुमी मान डोलावली!

जीप उलटली तवा रडले न्हाय, तुमची मान हलली तवा रडले.

उद्या धाराशिवच्या हापिसात जाऊन खरं सांगणार हाय. हे पत्र तुमाला धाडत न्हाय. धाडलं तर तुमी माझ्याआधी तिथं पोचाल, आन् सायबाला सांगाल, वैनीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

तुमची, उशिरा शानी झालेली,
जाईवैनी