बुडीच्या खेळाचं जुनं नाव

आई,

तुझं, माझं आणि वस्तू जपून ठेवणाऱ्या आपल्यासारख्या सगळ्यांचं एक जुनं गाऱ्हाणं आहे. लोक वस्तू ठेवतात, पण तिच्यावर चार शब्द लिहायचा कंटाळा करतात. नदीपलीकडच्या त्या संग्रहालयात तू आयुष्यभर वाळवलेली पानंफुलं सांभाळलीस आणि घरी येऊन चिडायचीस ती एकाच गोष्टीवर. कुणीतरी जंगलातून रोप आणलं, दाबून वाळवलं आणि कागदावर नुसतं 'डोंगरावर' एवढं लिहून मोकळा झाला. कुठला डोंगर, कधी, कोणी? "आता याला गवत म्हणायचं," असं म्हणत तू पोळी माझ्या ताटात जवळजवळ आपटायचीस. तोच राग घेऊन मी वाढले. माझ्याकडे पानं नाहीत, जुने व्हिडिओ गेम आहेत. आणि त्यांच्या फायलींवर लोकांनी 'नवा', 'नवा २', 'हाच खरा' असं लिहिलेलं असतं.

हे काम तू गेल्यानंतर सुरू झालं, म्हणून सांगते. टीव्हीला जोडून खेळायचे ते डबे आता भंगारात गेले. आजच्या कम्प्युटरला त्या डब्याची हुबेहूब नक्कल करायला लावणारा प्रोग्राम असतो, त्याला एमुलेटर म्हणतात. जुन्या कॅसेटमधला खेळ फाइल म्हणून उतरवून घ्यायचा आणि त्यावर चालवायचा. आम्ही सात जण रविवारी शहराच्या बेहाला भागात एकाच्या घरी जमतो आणि हे करतो. पोरखेळ म्हणून हसणारे खूप भेटले, मी एकालाही सोडलेलं नाही. एका अख्ख्या पिढीने ज्यात आपल्या दुपारी घातल्या ते जपण्यासारखं नसेल, तर या शहरातल्या निम्म्या काचेच्या कपाटांना कुलूप लावा. आणि जपायचं तर नीट जपायचं. खेळाचं पूर्ण नाव, कोणत्या देशातली आवृत्ती, भाषा, कोणी उतरवला, कधी. सगळं एकाच क्रमाने, एकाच पद्धतीने. ज्या संग्रहात हवं ते सापडत नाही तो संग्रह नव्हे, अडगळ आहे. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

गेल्या वर्षी मी यावर उभी राहून बोलले. सगळ्या फायलींची नावं एकदम, एका नियमाने बदलायची, असा माझा ठराव होता. आमच्यातला एक पोरगेलासा इंजिनिअर कुरकुरला, की घाई कशाला, आधी थोड्या बदलून बघू. मी त्याला बोलू दिलं आणि मग त्याचा मुद्दा असा झोडपला की त्याने स्वतःच हात वर केला. "दिदि, तुम्ही उभ्या राहिलात की आम्ही मत देत नाही, शरण येतो," तो म्हणाला. सगळे हसले, मी सर्वांत जास्त. संध्याकाळपर्यंत हजारो फायली शिस्तीत उभ्या होत्या. कुठेही 'नवा' नाही, 'हाच खरा' नाही. तुला दाखवाव्यात असं वाटलं.

यंदा दुर्गापूजेच्या महिनाभर आधी बजबज गावच्या एका बाईचा फोन आला. तिच्या घरच्या जुन्या कम्प्युटरची डिस्क आम्ही उतरवून घेतली होती. त्यानंतर ती डिस्क कायमची बंद पडली. तिचा दादा जहाजावर नोकरीला. लहानपणी दोघं मिळून एक खेळ खेळायचे, तो अर्ध्यावर राहिला होता. आता दादा घरी येतो तेव्हा दोघांत जेवलास का, झोपलास का, याच्या पुढे बोलणं जात नाही, आणि हे तिला फार लागतं. या पूजेला त्याच्यापुढे तो खेळ सोडला होता तिथूनच लावून ठेवायचा, असं तिच्या मनात होतं. खेळाचं खरं नाव तिला माहीत नव्हतं. दादा तिला लाडाने बुडी, म्हणजे म्हातारी, म्हणतो, म्हणून त्याने फाइललाही 'बुडी' असंच नाव दिलं होतं, एवढंच तिला ठाऊक.

खेळ जिथे थांबवला ती जागा वेगळ्या फाइलमध्ये राहते, आणि तिचं नाव खेळाच्या नावाशी जुळलं तरच एमुलेटर ती उघडतो. ती 'बुडी' नावाची फाइल जागेवर होती. पण तिच्या डिस्कवरच्या साठेक खेळांत 'बुडी' नावाचा एकही खेळ उरला नव्हता, कारण त्या साठांना मी खरी, शुद्ध, नियमातली नावं दिली होती आणि जुन्या नावांची यादी ठेवली नव्हती. नियमात बसत नव्हतं ते माझ्या दृष्टीने कचरा होतं.

त्या क्षणी मला शाळेतली मी दिसले. सहावीत. शनिवारी तुझ्याबरोबर संग्रहालयात आलेय, तू कुणाशी तरी बोलतेयस, समोरच्या कागदावर रोपाच्या खाली दोन चिठ्ठ्या आहेत. जुनीवर चुकीचं नाव, नवीवर बरोबर. मी बोट ओलं करून चुकीची चिठ्ठी सोलतेय, तुला मदत म्हणून. तू माझं मनगट धरलंस. ओरडली नाहीस. "ज्याने ते लिहिलं त्याने काहीतरी बघून लिहिलं होतं," तू म्हणालीस. "त्याचं चुकलं असेल. पण त्याने काय पाहिलं ते तू पुसायचं नाहीस." मी ते मनगट लक्षात ठेवलं आणि वाक्य विसरले.

दोन रविवार मी एकेका खेळाला 'बुडी' नाव देऊन उघडत बसले. इंजिनिअर शेजारी बसून चहा पाजत होता आणि एका शब्दानेही टोमणा मारत नव्हता, ते जास्त झोंबत होतं. चाळिसाव्याच्या आसपास पडदा उजळला आणि दोन छोटी माणसं पुलाच्या टोकाला उभी दिसली. त्याच दिवशी मी नियम बदलायला लावला: नवं नाव द्यायचंच, पण मूळ नाव शेजारच्या रकान्यात जसंच्या तसं राहील, कितीही वेडंवाकडं असो. माझा पहिला आग्रह मी सोडलेला नाही. तो अपुरा होता, एवढंच.

पूजेतल्या अष्टमीच्या सकाळी सियालदह स्टेशनवरून लोकल पकडून मी स्वतः बजबजला गेले. दादा अबोल माणूस, हातात कंट्रोलर घेऊन कडेला बसला. पाच मिनिटांनी बहिणीला म्हणाला, "इथेच तू मला ढकललं होतंस." ती म्हणाली, "तूच मध्ये आलास, नेहमीसारखा." मग दोघं भांडायला लागले आणि थांबेचनात. खिचुडीचं ताट निवून गेलं.

निघताना त्याने विचारलं, "दिदि, मी याला बुडी नाव दिलं होतं. ते कुठे गेलं?" आणि मी, जी कुणापुढे बोलायला अडत नाही, म्हणाले, "डिस्क खराब होती, त्यात नावं गेली." त्याने मान हलवली. बहिणीने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, तुम्ही होतात म्हणून वाचलं. मी ते आभार घेतले आणि मिठाईचा डबाही घेतला.

काल बेहालाच्या बैठकीत मी परत उभी राहिले आणि सांगितलं, की ज्यांच्या ज्यांच्या फायलींची नावं आपण पुसली त्या प्रत्येक घरी फोन करून कबूल करा. घरं वाटून घेतली, बाकीच्यांचे फोन झाले. बजबज मी माझ्याकडे मागून घेतलं, आणि कालपासून फोनऐवजी तुला हे लिहीत बसले आहे, कारण तू उलट विचारणार नाहीस. आता मीच मला बजावते: पुरे झालं भाषण. पेन खाली ठेव, बजबजला फोन लाव आणि दादाला सांग, नाव डिस्कमुळे गेलं नाही, मी पुसलं.